विहाराच्या रेलिंगचा रंग

लोकांना पावडर कोटिंग म्हणजे काय ते समजावून सांगायचा मला आता कंटाळा आला आहे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये माझं हे काम बरीच वर्षं चालू आहे. अजूनही लग्नकार्यात कुणी "काय करता?" म्हणून विचारतं, मी सांगतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे रंगारीच ना?" रंगारी नाही हो. रंगारी डबा उघडतो, ब्रश बुडवतो आणि माल उन्हात वाळत घालतो. माझ्याकडे डबा नाही, ब्रश नाही. मैद्यासारखी कोरडी पावडर असते. बंदुकीतून उडताना तिला विजेचा भार मिळतो आणि हुकाला टांगलेल्या लोखंडाला अर्थिंग दिलेलं असतं, म्हणून ती लोखंडाला जाऊन धरते. मग तो माल भट्टीत जातो. तिथं दोनशे अंशांच्या आसपास पावडर वितळते, पसरते आणि पिकते. पिकते हा आमच्या शेडमधला शब्द. एकदा नीट पिकली की ती पुन्हा वितळत नाही, थिनरला दाद देत नाही, आणि वरून दुसरा रंग लावायला जाल तर त्याला अंगाला लागू देत नाही. हे शेवटचं मी घरीही पुष्कळदा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

घर म्हणजे मुकुंदवाडीतलं, स्टेशनाच्या अलीकडच्या गल्लीतलं. तिथं आई आणि माझा धाकटा भाऊ राहतात. मी बायकोमुलांना घेऊन उस्मानपुऱ्यात राहायला आलो त्याला काळ लोटला. गल्लीच्या तोंडाशी आमचं बुद्धविहार आहे आणि त्याच्याभोवती लोखंडी रेलिंग. दोन खांबांच्या मधल्या भागाला गल्लीत खण म्हणतात. प्रत्येक खणात मधोमध पट्टी वळवून केलेलं आठ आऱ्यांचं धम्मचक्र आहे. एप्रिलात जयंती येते, तिच्या आधी हे रेलिंग निळ्या ऑइल पेंटनं रंगवायचं आणि ते काम बायकांचं. पुरुषांनी मंडप, झेंडे, लाइटिंग बघावं. रेलिंगवर ब्रश फिरवायचा नाही. एकेका घराला एकेक खण ठरलेला. गल्लीत नवी सून आली असेल तर त्या वर्षी पहिला ब्रश तिच्या हातात. तिनं आपल्या घरचा खण आधी रंगवायचा, तो वाळला की दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी आपापले रंगवायचे. हे कुणी आणि कधी ठरवलं ते विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. पण ज्या बाईनं खण रंगवला ती गल्लीची, हे पक्कं. माझ्या बायकोनं एकदाच रंगवला, पण तिकडं गेलं की तिला अजून चारजणी आपल्या ओट्यावर बसवून घेतात.

या सगळ्या कारभाराची मुखत्यार आमची आई. कुणाला किती रंग, कुठला ब्रश, कोण कधी येणार, सगळं तीच बघते. आमच्या घरचा खण फाटकाला लागून आहे, आणि तो आजवर तिनं स्वतः रंगवला, माझ्या बायकोचं ते एक वर्ष सोडलं तर.

गेल्या हिवाळ्यात धाकट्यानं लग्न केलं. रजिस्टर लग्न. मुलगी पाचोडकडची, मराठा शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या घरच्यांनी त्या दिवसापासून तिचा फोन उचलला नाही. आणि आमच्या गल्लीनंही काही तिला डोक्यावर घेतलं नाही. तोंडावर "ये गं, बस गं", आणि पाठ वळली की "बाहेरची". पाण्याच्या टँकरवर, किराणा दुकानात, सगळीकडं तेच. ती पोरगी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आई मात्र सगळं ऐकायची. एका रविवारी भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "जयंतीला माझा खण हिच्या हातात देते. एकदा समद्यांच्या देखत तिनं रंगवला की मंग बघते कोण बाहेरची म्हणतंय ते."

हे मी ऐकलं होतं. नाही ऐकलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या डोक्यात दुसरं होतं आणि ते काही वाईट नव्हतं. आईच्या गुडघ्यांची पार वाट लागली आहे. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही म्हणून सांगितलंय. दर एप्रिलात ती उन्हात रेलिंगसमोर बसते, नंतर महिनाभर भिंत धरून चालते. शिवाय तो ऑइल पेंट म्हणजे काय माल असतो? एका पावसाळ्यात फिका, दुसऱ्यात पोपडे, आणि खालून गंज. ज्याची स्वतःची भट्टी आहे त्याच्या आईनं असल्या रंगाचा ब्रश हातात धरावा, ही मला माझी बेइज्जती वाटायची. खरं सांगायचं तर मला गल्लीला दाखवायचंही होतं की मी काय काम करतो.

मार्चमध्ये मी आईला म्हणालो, "यंदा रेलिंग मी करून देतो. दहा वर्षं बघायला नको."

"यंदा नको," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी कर."

"का?"

"हिचं पहिलं वरीस हाय."

"अगं, मग तिचीही सुटका होईल ना. उन्हात बसायला नको."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि ती तव्याकडं वळली. "तुला नाय कळायचं ते."

मला कळत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आईनं म्हटलं तर जास्तच. मी तिथून उठलो आणि सरळ विहार कमिटीच्या सचिवांकडं गेलो. ते एका ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. बायकांच्या रंगकामाला ते आधीच वैतागलेले, कारण दर वर्षी फरशीवर निळे शिंतोडे पडायचे आणि ते काढायचं काम त्यांच्या गळ्यात यायचं. माझं दान म्हटल्यावर तर ते उभेच राहिले. "करून टाका," म्हणाले. तिथल्या तिथं ठरलं.

तिथून पुढं जे सुरू झालं ते मी शत्रूलाही देणार नाही. रेलिंग खांबांना वेल्डिंगनं जोडलेलं. ग्राइंडरनं कापून खण सुटे केले, टेम्पोत भरून शेडवर आणले. त्यांच्यावरचा जुना रंग म्हणजे रंग नव्हे, कांबळं होतं. दर वर्षीचा थर आदल्या वर्षीच्या थरावर. चक्राच्या आऱ्या जिथं मधे मिळतात तिथं रंगाचे अक्षरशः लाडू झालेले. रिमूव्हर ओतून, खरवडून, वायरब्रश मारून माझी माणसं थकली. एकजण म्हणाला, "सेठ, इससे तो नया बनवा लेते." त्याला मी गप्प केलं, पण म्हणणं चुकीचं नव्हतं.

मग गंज काढायला अ‍ॅसिडची टाकी, मग पावडरीला पकड मिळायला फॉस्फेटची. प्रत्येक टाकीनंतर पाण्यात धुवायचं. आमच्या शहरात पाण्याची काय तऱ्हा आहे ते मी नव्यानं सांगायला नको. टँकरचं पाणी घेतो, आणि त्यात इतका क्षार असतो की वाळल्यावर लोखंडावर पांढरे डाग उठतात. डागावर पावडर बसवली की उद्या तिथूनच पापुद्रा सुटणार. दोनदा धुतलं, पुसलं, वाळवलं, तेव्हा कुठं लोखंड राखाडी एकसारखं दिसायला लागलं.

पहिले खण भट्टीत घातले आणि काढून बघतो तर खालच्या पाइपावर फोड. पाइप पोकळ, जुन्या वेल्डिंगला सुईएवढी छिद्रं, आणि त्यातून आत शिरलेलं धुण्याचं पाणी. भट्टी तापली, आत वाफ झाली आणि ती बरोबर त्याच छिद्रांतून बाहेर पडली, वितळलेल्या पावडरीला फुगवत. ते खण परत घासायला. पाइपांना न दिसेल अशा ठिकाणी खालून भोकं पाडली, पाणी काढलं, आधी नुसतेच तापवून घेतले. दुसऱ्या खेपेला ऐन भट्टी चालू असताना लाइट गेली. अर्धी पिकलेली पावडर ही सगळ्यात फसवी. दिसायला चकचकीत, पण थिनरचं फडकं फिरवलं की निळं फडक्यावर. मी फडकं फिरवलं. निळं आलं. पुन्हा घासायला.

त्यातच सचिव शेड बघायला आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "विहारातलं पुस्तकांचं कपाटही असंच करून द्या की." कपाट सागवानी. मी म्हणालो, लाकूड आहे ते. ते म्हणाले, "पण तुम्ही किचनच्या दारांना करता ना?" करतो, पण ती दारं एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळ्यांची असतात. त्यांना आधी तापवून आतली ओल वर आणावी लागते, तेव्हा पावडर धरते. त्यांची पावडरही कमी तापमानाला पिकणारी, वेगळी, आणि तरीही दहातल्या एखाद्या दाराची कड तडकतेच. खरं लाकूड त्या भट्टीत घातलं तर त्यातून राळ आणि वाफ उकळून बाहेर येईल. हे सगळं मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि जाताना म्हणाले, "मग कपाट कधी पाठवू?"

सगळ्यात जास्त छळलं ते चक्रानं. आऱ्या जिथं एकत्र येतात त्या कोपऱ्यांत पावडर शिरतच नाही. भार असलेली पावडर जवळच्या कडेवर जाऊन बसते आणि खोल कोपरा उपाशी राहतो. माझा बंदूकवाला जुना माणूस आहे, पण एका खणात आठ कोपरे आणि प्रत्येक कोपरा दोन्ही बाजूंनी. व्होल्टेज उतरवलं, हवा कमी केली, बंदूक तिरपी धरून हळूहळू मारली. शेवटी मीच मास्क लावून पावडर मारायच्या बूथमध्ये उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा भुवया निळ्या झाल्या होत्या आणि कंबर धरली होती.

पण काम झालं. आणि काय काम झालं! कुठं संत्र्याच्या सालीसारखे खड्डे नाहीत, कुठं टाचणीएवढं छिद्र नाही, चक्राच्या आतल्या कोपऱ्यांतसुद्धा पूर्ण निळा. थिनरचं फडकं घासून बघितलं, फडकं कोरं. सोबत पिकवलेल्या नमुन्याच्या पत्र्यावर ब्लेडनं बारीक चौकटी पाडून चिकटपट्टी ओढली, एक कण निघाला नाही. इतकी वर्षं मी कुलरच्या बॉड्या, रॅक, पॅनल केले, पण इतकं निर्दोष काम माझ्या शेडमधून त्याआधी गेलं नव्हतं. खण बोल्टांवर बसवले, जयंतीला अजून आठवडा होता. गल्लीतली माणसं येऊन हात फिरवून बघत होती, आणि मी ज्याला त्याला सांगत होतो, आता दहा वर्षं बघायला नको. सचिवांनी तर मोबाइलवर फोटो काढून चार ग्रुपवर टाकले. आई आली, फाटकाजवळच्या खणापाशी उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "ह्याच्यावर रंग बसतो का रं?"

"रंग कशाला बसवायचा? रंगच आहे ना हा!"

ती घराकडं वळली. मला वाटलं विषय संपला.

विषय कसला संपतोय! दोन दिवसांनी धाकट्याचा फोन आला, ताबडतोब ये. गेलो तर विहारापुढं बायका जमलेल्या. आदल्या दिवशी सकाळी आईनं नेहमीसारखा निळा डबा आणला होता, सगळ्यांना बोलावलं होतं आणि धाकटीच्या, म्हणजे भावाच्या बायकोच्या, हातात ब्रश दिला होता. तिनं पूर्ण खण रंगवला. दिवसभर वाळला. आणि आज सकाळी कुणीतरी फाटक उघडताना त्या खणाला हात टेकवला तर दुधावरची साय निघावी तसा रंगाचा पापुद्रा हाताबरोबर आला. मग काय, ज्याला त्याला बघायचं होतं. नखानं उचललं की निघतोय. मी पोचलो तोवर अर्धा खण सोललेला होता आणि खालून माझा पावडरीचा कोट लखलखत होता, जसाच्या तसा.

आमच्या समोरच्या घरातली मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाहेरचा हात. लोखंडाला बी कळतंय."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. धाकटी खाली बसून फरशीवर पडलेले पापुद्रे वेचत होती. एकेक उचलून ती दुसऱ्या हाताच्या मुठीत ठेवत होती. आई फाटकाला धरून उभी होती आणि तिचं तोंड मला बघवलं नाही.

माझा पारा चढला. "मावशी, हाताचा काय संबंध?" मी म्हणालो. "पिकलेल्या कोटावर कुणाचाच रंग धरत नाही. तुम्ही लावा, तुमचाही निघेल. कुणाचाही निघेल! लावून बघा, ब्रश घ्या!" मी भट्टीचं सांगितलं, पावडरीचं सांगितलं, गुळगुळीत पृष्ठभागाला रंग पकड कशी घेऊ शकत नाही तेही सांगितलं. माझा आवाज चढला होता आणि समोरच्या एकाही चेहऱ्यावर काही फरक पडत नव्हता.

मावशी शांतपणे म्हणाली, "आमी कामून लावावं? तूच म्हणलास ना दहा वर्षं बघायला नको म्हणून." आणि ती घरात गेली. तिच्यामागं बाकीच्याही गेल्या. म्हणजे सगळ्या रेलिंगमध्ये रंग लावून बघितला तो धाकटीनं एकटीनं, आणि निघाला तोही एकटीचा. याच्यापुढं मी काय सिद्ध करणार होतो? आपलेच दात, आपलेच ओठ.

घरात आलो. धाकटी आत मोरीवर हात धूत होती, बराच वेळ. आई खाटेवर बसली आणि म्हणाली, "आता तो उतरव."

"काय?"

"तुझा रंग."

"आई, तो उतरत नाही! उतरू नये म्हणूनच तर एवढं केलं!"

"पुढल्या वर्षी कर म्हणले होते मी."

"मी काय चुकीचं केलं? तुझ्या गुडघ्यांसाठी केलं ना? आणि तिला रंगवायचंच असेल तर आतली भिंत द्या. भिंतीला कुठलाही रंग बसतो."

"भिंतीला चुना मारायला मजूर येत्यात," आई म्हणाली. "तिला मी मजूर म्हणून आणलं का?"

मला अजूनही वाटतं की मी काही चुकीचं केलं नाही. लोखंडाला कोट दिला, उत्तम दिला, मोबदला घेतला नाही. पण ती पोरगी मोरीवरून उठत नव्हती, हेही खरं होतं. पाच दिवसांनी जयंतीच्या मिरवणुकीला गल्ली गोळा होणार, सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत फाटकापाशी उभ्या राहणार, आणि तो सोललेला खण फाटकालाच लागून. मला उपाय माहीत होता. फाटकापाशी उभा असतानाच माहीत होता. फक्त तो तोंडातून बाहेर काढायला जीभ रेटत नव्हती.

"घासावं लागेल," मी शेवटी म्हणालो. "पॉलिश पेपरनं. चमक घालवली, ओरखडे पाडले की धरतो रंग."

"मंग घास," आई म्हणाली, जणू मी आधीच घासायला बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिश पेपरची चळत घेऊन मी फाटकाजवळच्या खणापुढं बसलो. उरलेले पापुद्रे काढले. मग पहिला हात मारला. त्या गुळगुळीत निळ्यावर पांढुरका ओरखडा उठला आणि माझं बोट आपसूक तो पुसायला गेलं. शेडमध्ये कुणाकडून असा ओरखडा पडला असता तर मी त्याला उभा सोलला असता. इथं मी स्वतःच ओरखडे काढत होतो, नीट, एकसारखे, एकही जागा सुटू नये म्हणून लक्ष देऊन. ऊन वाढत होतं. फोन वाजत होता, कुणाचे पॅनल राहिले होते. मी फोन बंद केला.

थोड्या वेळानं धाकटी आली. डोक्यावरून ओढणी घेतलेली. "भाऊजी, मला द्या एक."

"धूळ उडते. राहू दे."

तिनं चळतीतला एक कागद स्वतःच घेतला, दुमडला आणि चक्राच्या आऱ्या घासायला बसली. जरा वेळानं विचारलं, "किती घासायचं?"

"चमक जाईपर्यंत," मी म्हणालो. ते वाक्य उच्चारताना मला जे झालं ते कुणाला सांगून कळणार नाही.

"आमच्याकडं पोळ्याला बैलांची शिंगं अशीच घासत्यात," ती म्हणाली. "नायतर रंग धरत नाय. दादा घासायचे, मी डबा धरायची."

दादा म्हणजे तिचे वडील. मी मान हलवली. पुढचं मी विचारलं नाही. पण तिचा हात चांगला होता. कोपऱ्यात बोट घालून, कागदाची घडी बदलून, ती बरोबर घासत होती.

खण पूर्ण झाला तेव्हा तो धुरकट, मातकट दिसत होता. मी थिनरनं पुसला आणि उठलो. आई काठी टेकत आली, तिनं रेलिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "हा एकलाच मळका दिसायला लागलाय. तिचा तेवढा येगळा."

"रंग लावल्यावर दिसणार नाही."

"समदे घास."

"आई, सगळे?"

"समदे."

मी चिडलो, भांडलो, दोन पावलं गाडीकडंही गेलो. मग परत आलो आणि बसलो. शेडवरून दोन माणसं बोलावून घेतली. तेच दोघं, ज्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात पावडर बसवली होती. त्यांना काय करायचंय ते सांगितलं तेव्हा बंदूकवाला माझ्याकडं असा बघत राहिला की मला त्याची नजर चुकवावी लागली. "पागल हो गए क्या सेठ?" एवढंच तो म्हणाला आणि कागद घेऊन बसला. आम्ही ते सगळं रेलिंग घासलं. गल्लीतली माणसं येता-जाता थांबत होती. सचिव आले, बघितलं, आणि आल्या पावली परत गेले. फोटो त्यांनी ग्रुपवरून काढले नाहीत, ते अजून तिथं आहेत.

त्यानंतरच्या सकाळी आईनं पुन्हा डबा आणला. बायका या वेळी जमल्या नाहीत, आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या. धाकटीनं पुन्हा पहिल्यापासून सगळा खण रंगवला. कुणी मदतीला आलं नाही, आणि आईनंही कुणाला हाक मारली नाही. मी विहाराच्या पायरीवर बसून होतो. पहिल्यांदा रंग निघाला होता तेव्हापेक्षा मला आता जास्त धाकधूक होती. घासून, पुसून, सगळं करूनही कधी कधी धरत नाही, हे मला माहीत होतं, आणि तिथं ते माहीत असलेला मी एकटाच होतो. आज निघाला असता तर पावडरीचं कारण सांगायची सोयही उरली नसती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा समोरची मावशी खणापुढं वाकलेली होती. अंगठ्याच्या नखानं ती चक्राची एक आरी खरवडत होती. जोर लावून, दात आवळून. एकदा इथं, एकदा तिथं. रंग निघाला नाही. ती सरळ झाली, नखाकडं बघितलं, मग रेलिंगकडं. धाकटी डबा घेऊन शेजारीच उभी होती. मावशी घरात गेली. मला वाटलं संपलं, आता पुन्हा येणार नाही. पण ती पदर खोचून बाहेर आली, हातात तिचा जुना ब्रश. आपल्या खणापुढं पाट टाकून बसली आणि मान न वळवता म्हणाली, "डबा सरकव गं इकडं. आन् काडी दे, तळाशी बसलाय रंग."

धाकटीनं डबा सरकवला. काडी शोधून दिली. मग एकेक करून बाकीच्या आल्या आणि रेलिंगसमोर नेहमीसारखी रांग लागली. फरशीवर शिंतोडे, ब्रशवरून भांडणं, कुणाच्या सुनेचं कुणाच्या सासूला सांगणं. माझा कोट एकेका हातानं झाकला गेला. तिथं दहा वर्षं टिकणारा कोट आहे आणि तो आता कुणालाच दिसणार नाही. मला राग येत होता आणि त्या रागाचं काय करायचं ते कळत नव्हतं, कारण धाकटी त्या रांगेत बसून कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती.

मी फाटकाजवळच्या तिच्या खणापाशी गेलो. आधी लक्षात आलं नव्हतं, पण तिनं ब्रश फार भरून मारला होता. चक्राखाली एक जाड ओघळ उतरून तसाच वाळत आला होता. बाकी काहीही सोसेन, पण ओघळ नाही. आतून अजून ओला होता, ब्रशाच्या दांड्यानं खरवडून वर एक हात मारला की सपाट झाला असता. मी कुणाचा तरी ब्रश उचलला.

माझ्या मनगटावर आईची काठी पडली. हळू, पण पडली.

"तिचा खण हाय तो," आई म्हणाली. "हात नाय लावायचा."

मी ब्रश खाली ठेवला. ओघळ अजून तसाच आहे. मुकुंदवाडीला गेलो की विहाराच्या फाटकातून आत जाताना माझी नजर आधी तिथंच जाते, आणि दर वेळी मी हात खिशात घालतो.